कमरेचा टिकाव घरी कसा तपासावा? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

कमरेविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पाचही वाचकांना आपली कंबर, किंवा घरातील एखाद्याची कंबर, कमजोर झाल्याची शंका आहे आणि ती घरच्या घरी तपासता येईल का, असे त्यांचे विचारणे आहे. पत्रे थोडक्यात दिली असून वाचकांची नावे प्रसिद्ध केलेली नाहीत.

प्रश्न : माझे वय ४२ असून मी बँकेत काउंटरवर काम करते. माझी कंबर सतत दुखत नाही. मात्र ओट्यापाशी अर्धा तास उभे राहून पोळ्या लाटल्या की कमरेतले अवसान गेल्यासारखे वाटते आणि ओट्याला टेकावे लागते. दोन वर्षांपूर्वी एकदा उसण भरली होती, ती आपोआप बरी झाली. कमरेत खरोखर कमजोरी आहे का, हे घरी पाहता येईल का? (नाशिक)

उत्तर : पाहता येईल, आणि त्याचा अर्धा पुरावा आपल्या पत्रातच आलेला आहे. कंबर पहिल्या पाच मिनिटांत साथ सोडत नाही, अर्ध्या तासाने सोडते. म्हणजे येथे ताकद कमी पडत नसून टिकाव कमी पडत असावा. कण्याच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरणाऱ्या स्नायूंचे रोजचे काम ओझी उचलण्याचे कमी आणि धड सावरून धरण्याचे अधिक असते. थोडा जोर, पण तो तासन् तास लावावा लागतो. त्यामुळे भरलेली बादली उचलता येते की नाही, यावरून कमरेची परीक्षा होत नाही.

ही गोष्ट मोजून दाखवण्याचे श्रेय डेन्मार्कमधील डॉक्टर फिन बीरिंग-सोरेन्सन यांना दिले जाते. कोपनहेगनजवळच्या ग्लोस्ट्रुप या उपनगरातील नऊशेहून अधिक स्त्री-पुरुषांच्या त्यांनी अनेक चाचण्या घेतल्या, वर्षभराने त्यांची पुन्हा विचारपूस केली आणि १९८४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी एका चाचणीत माणसाला टेबलावर पालथे झोपवून कमरेखालचा भाग पट्ट्यांनी बांधतात आणि टेबलाबाहेर आलेले धड आडवे, सरळ धरून ठेवायला सांगतात. ज्या पुरुषांना हे १७६ सेकंदांपेक्षा कमी काळ जमले, त्यांच्यात पुढील वर्षभरात कंबरदुखीची शक्यता अधिक दिसली, तर १९८ सेकंदांहून अधिक काळ टिकलेल्यांत ती कमी दिसली. स्त्रियांच्या बाबतीत मात्र हा संबंध इतका स्पष्ट नव्हता. हे आकडे इंटरनेटवर सगळ्यांना सरसकट लावलेले आढळतात, म्हणून एवढे मुद्दाम लिहिले.

पलंगाच्या कडेवरून धड बाहेर काढून ही चाचणी घरी करू नये. पायांवर बसलेली व्यक्ती जरा हलली तरी तोंडावर आपटण्याची भीती असते. घरासाठी जपानमधील इतो, शिरादो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये मांडलेली पद्धत मला अधिक योग्य वाटते. सतरंजीवर पालथे झोपावे, पोटाखाली पातळ उशी घ्यावी, हात अंगालगत ठेवावेत, हनुवटी किंचित आत ओढावी आणि छातीचे हाड जमिनीपासून जेमतेम उचलावे. खालून तळहात सरकवता येईल एवढेच अंतर पुरे. त्याहून वर गेल्यास कंबर मागे दुमडली जाते आणि मोजायचे राहते बाजूला. नजर खाली सतरंजीकडे असावी आणि श्वास चालू राहावा. घरातील कोणीतरी मोबाइलवर वेळ लावावी, छाती पहिल्यांदा टेकली की ती थांबवावी, आणि त्यानंतर पुन्हा उचललेले धरू नये. पाच मिनिटे झाली तर तेथेच थांबावे.

मूळ अभ्यासात कंबरदुखी नसलेल्या पुरुषांची सरासरी साडेतीन मिनिटांच्या आसपास आणि स्त्रियांची दोन मिनिटांच्या थोडी वर होती. जुनी कंबरदुखी असलेले स्त्री-पुरुष साधारण सव्वा ते दीड मिनिटात खाली आले. यावरून मी असे सुचवीन की आपण दीड मिनिट सहज पार केले तर काळजी करू नये, आणि मिनिटाच्या आत छाती टेकली तर टिकाव कमी आहे असे समजून कामाला लागावे. मात्र खाली का आलात, हे वेळेइतकेच महत्त्वाचे आहे. अंग थरथरू लागले, कंबर भरून आली, आता होत नाही असे वाटले, तर तो थकवा आहे. टोचल्यासारखे दुखले किंवा कळ मांडीत, पोटरीत उतरली म्हणून थांबावे लागले असेल, तर तो आकडा टिकावाचा नव्हेच. तो सोडून द्यावा आणि तपासणी करून घ्यावी.

पाठीचे स्नायू एकटे काम करीत नाहीत, म्हणून कुशीवरची चाचणीही सोबत घ्यावी. उजव्या कुशीवर होऊन कोपर खांद्याच्या बरोबर खाली ठेवावे, पाय सरळ ठेवून एक पाऊल दुसऱ्याच्या पुढे टेकवावे आणि कंबर उचलून डोक्यापासून पावलापर्यंत शरीर एका रेषेत धरावे; नंतर तेच डाव्या कुशीवर करावे. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे स्टुअर्ट मॅकगिल यांच्या मोजणीत तरुण, निरोगी पुरुष सुमारे दीड मिनिट आणि स्त्रिया सुमारे सव्वा मिनिट टिकल्या. बेचाळिसाव्या वर्षी आपण तेथे पोहोचलाच पाहिजे असे नाही. मी येथे एकूण वेळेपेक्षा दोन बाजूंमधील फरक पाहतो. एका कुशीवर ४५ सेकंद आणि दुसऱ्या कुशीवर २५, असा फरक वेगवेगळ्या दिवशी पुन्हा पुन्हा आला, तर तो लक्षात घेण्याजोगा आहे.

तिसरी तपासणी वेळेची नाही, नियंत्रणाची आहे, आणि तिला स्वयंपाकघरातील लाटणे पुरते. हात आणि गुडघे टेकून ओणवे व्हावे आणि कोणालातरी लाटणे कमरेच्या मधोमध, कण्याच्या खोबणीत लांबट ठेवायला सांगावे. मग उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे सरळ करून दहा सेकंद थांबावे, आणि नंतर बाजू बदलावी. ओटीपोट एका बाजूला कलले की लाटणे खोबणीतून घरंगळते. पाय कमरेच्या रेषेपेक्षा वर फेकण्याचा मोह बहुतेकांना होतो, तेवढा टाळावा.

आपल्या जुन्या उसणीचाही येथे संबंध असू शकतो. मणक्यांना लगटून असलेला मल्टिफिडस नावाचा खोल स्नायू कंबरदुखीच्या झटक्यात दुखऱ्या बाजूला बारीक होतो. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या ज्युली हाइड्स यांनी १९९६ मध्ये असे दाखवले की वेदना थांबल्या म्हणून तो स्नायू आपोआप पूर्ववत होतोच असे नाही. त्यांनी पुढे ज्या रुग्णांवर लक्ष ठेवले, त्यांत त्या स्नायूचा खास व्यायाम केलेल्यांपैकी सुमारे ३० टक्के लोकांना वर्षभरात पुन्हा त्रास झाला, तर व्यायाम न केलेल्यांपैकी ८४ टक्के लोकांना. अभ्यास लहान होता, तरी "उसण गेली, विषय संपला" असे समजणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा.

चाचण्या सकाळी उठल्या उठल्या करू नयेत. रात्रभरात मणक्यांमधील गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात आणि पहिल्या तासाभरात वाकण्याचा ताण त्यांच्यावर अधिक येतो. ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नाही, ज्यांना हृदयविकार किंवा हर्निया आहे, ज्यांची पोटाची अथवा पाठीची शस्त्रक्रिया अलीकडे झाली आहे, ज्या गर्भवती आहेत आणि ज्यांना सध्या ताजी उसण भरलेली आहे, त्यांनी या चाचण्यांच्या वाटेला जाऊ नये.

टिकाव कमी निघाला तर त्याच स्थितींचा सराव करावा, पण प्रत्येक वेळी थकून पडेपर्यंत नव्हे. आठ-दहा सेकंद धरणे, सोडणे आणि पुन्हा धरणे, असे पाच-सहा वेळा, आठवड्यातून चार-पाच दिवस करावे. योगासनांची सवय असेल तर एकेका पायाचे अर्धशलभासन करावे. दोन्ही पाय एकदम उचलण्याची घाई करू नये. महिन्यातून एकदाच वेळ मोजावी, कारण रोज मोजणारे स्वतःशीच स्पर्धा लावतात आणि कंबर दुखवून घेतात.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. गुडघे न वाकवता मला पायाचे अंगठे धरता येत नाहीत; हात नडगीच्या मध्यापर्यंतच जातात. याचा अर्थ माझी कंबर कमजोर आहे, असे व्यायामशाळेत सांगण्यात आले. हे बरोबर आहे का? (सातारा)

उत्तर : नाही. हात खाली न पोहोचण्यामागे बहुतेक वेळा मांडीच्या मागील स्नायूंचा आखडलेपणा असतो, आणि काही वेळा केवळ हातापायांच्या लांबीचे प्रमाण असते. यात कमरेचा जोर मोजलाच जात नाही.

हा गैरसमज मात्र जुना आहे. न्यूयॉर्कमधील डॉक्टर हान्स क्राऊस आणि सोन्या वेबर यांनी कंबरदुखीच्या रुग्णांसाठी सहा सोप्या चाचण्यांचा संच तयार केला होता. त्यांपैकी पाच पोटाच्या व पाठीच्या जोरासाठी होत्या आणि जमिनीला बोटे टेकवण्याची सहावी चाचणी केवळ लवचिकतेची होती. १९५० च्या दशकात हा संच शाळकरी मुलांना लावला, तेव्हा अमेरिकेतील निम्म्याहून अधिक मुले किमान एका चाचणीत नापास झाली, तर युरोपातील मुलांत हे प्रमाण दहांत एकाहूनही कमी होते. त्या गदारोळातून १९५६ मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी मुलांच्या तंदुरुस्तीसाठी स्वतंत्र परिषद नेमली. तेव्हापासून बोटे टेकवणे म्हणजे तंदुरुस्ती, असे समीकरण शाळाशाळांतून पसरले असावे. आपण विद्यार्थ्यांनाही हे करायला सांगत असाल, तर निदान झटके देऊन वाकण्याची पद्धत बंद करावी.

प्रश्न : कमरेचा पट्टा लावल्यावर मला ताठ बसता येते, काढला की कंबर ढिली पडते. याचा अर्थ पट्ट्यामुळे कंबर कमजोर झाली का? (पनवेल)

उत्तर : पट्टा काढल्यावर आधार गेल्यासारखे वाटणे साहजिक आहे; तेवढ्यावरून स्नायू कमजोर झाले असे ठरत नाही. पट्ट्याशिवाय वर दिलेली छाती उचलण्याची चाचणी करून पाहावी, म्हणजे तर्क करीत बसावे लागणार नाही. जुन्या कंबरदुखीसाठी पट्टे नित्य वापरण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत केलेली नाही. उलट ते देऊ नयेत असेच म्हटले आहे. शस्त्रक्रियेनंतर किंवा मणक्याच्या अस्थिभंगात डॉक्टरांनी दिलेल्या पट्ट्याची गोष्ट निराळी असून तो मनाने काढू नये.

प्रश्न : आईचे वय ६८ आहे. ती खुर्चीतून उठताना हातांनी रेटा देते आणि अलीकडे तिच्या पाठीला थोडा बाक आला आहे. तिच्या कमरेची तपासणी घरी कशी करावी? जमिनीवर झोपणे तिला जमत नाही. (ठाणे)

उत्तर : जमिनीवरच्या चाचण्या आईंसाठी नाहीतच, आणि त्या जमत नाहीत याचे वाईटही वाटून घेऊ नये. त्यांच्यासाठी खुर्चीची चाचणी आहे. सुमारे ४३ सेंटिमीटर उंचीची, हात नसलेली, घट्ट खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. आईंनी हात छातीवर फुलीसारखे दुमडून घ्यावेत आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसता येते, ते आपण शेजारी उभे राहून मोजावे. वयाच्या ६५ ते ६९ वर्षांत स्त्रियांना ११ पेक्षा कमी आणि पुरुषांना १२ पेक्षा कमी वेळा जमले, तर ते सरासरीखाली समजतात. हातांचा रेटा दिल्याशिवाय एकदाही उठता आले नाही, तर गुण शून्य धरतात. यात मांड्यांचा वाटा कमरेपेक्षा मोठा आहे. पण या वयात खाली ठेवलेली कळशी उचलताना कंबर वाचवायची असेल, तर काम मांड्यांनीच करायचे असते.

मला या पत्रात पाठीच्या बाकाची अधिक चिंता वाटते. आईंना टाचा आणि पाठ भिंतीला लावून उभे करावे आणि मान वर न करता डोके भिंतीला टेकते का, ते पाहावे. टेकत नसेल, किंवा जुन्या उंचीपेक्षा आता चार सेंटिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक घट झाली असेल, तर हाडे ठिसूळ होऊन एखादा मणका दबला असण्याची शक्यता असते, आणि असा मणका पडल्याशिवाय, फारसे दुखल्याशिवायही दबू शकतो. तेव्हा एक्स-रे आणि हाडांच्या घनतेची तपासणी करून घ्यावी. तोवर पुढे वाकून करण्याचे व्यायाम, विशेषतः पश्चिमोत्तानासन, बंद ठेवावे. बाकाबरोबर रात्रीही न थांबणारी वेदना, संध्याकाळचा ताप किंवा वजन घटणे असेल, तर मणक्याच्या क्षयरोगाचीही तपासणी आवश्यक असते. आपल्याकडे तो दुर्मीळ नाही.

प्रश्न : माझे वय ५१ असून मी शेती करतो. दोन महिन्यांपूर्वी कंबर आणि उजवा पाय फार दुखत होता. आता दुखणे जवळजवळ थांबले आहे; मात्र चालताना उजव्या पायातील चप्पल निसटून मागे राहते आणि ते पुष्कळ वेळा पुढे गेल्यावर कळते. कमरेला जोर येण्यासाठी घरी कोणता व्यायाम करावा? (बार्शी)

उत्तर : कोणताही व्यायाम सुरू करण्याआधी आपण दोन-तीन दिवसांच्या आत अस्थिरोगतज्ज्ञ किंवा मेंदू-मज्जासंस्थेच्या डॉक्टरांना दाखवावे, ही विनंती आहे. पायाचे दुखणे थांबणे आणि चप्पल निसटणे या दोन गोष्टी एकत्र आल्या, तर त्याला बरे होणे म्हणता येत नाही. नसेवर दाब वाढत जातो तेव्हा कधी कधी वेदना ओसरते आणि जोर कमी होत जातो. नसेची कमजोरी कमरेत जाणवत नाही, ती पायात दिसते. त्यामुळे छाती उचलण्याच्या चाचणीत आपण कदाचित उत्तम उतराल आणि खोटा दिलासा मिळेल.

डॉक्टरांकडे जाण्याआधी घरी तीन गोष्टी पाहाव्यात, म्हणजे त्यांना नेमके सांगता येईल. भिंतीजवळून, आधार घेता येईल अशा अंतरावर, चवडे उचलून केवळ टाचांवर दहा पावले चालावे. उजवा चवडा खाली आपटत असेल, तर पाऊल वर उचलणारे स्नायू कमजोर आहेत. बसून दोन्ही पायांचे अंगठे वर उचलावेत आणि घरातील कोणालातरी ते एका बोटाने खाली दाबायला सांगावे. उजवा अंगठा सहज दबला आणि डावा दबला नाही, तर तो फरक खरा समजावा. शेवटी भिंतीला हात टेकून एका पायावर उभे राहावे आणि चवड्यावर दहा वेळा वर-खाली व्हावे, प्रत्येक पायाने वेगळे. पहिल्या दोन तपासण्यांत मुख्यतः कमरेच्या पाचव्या मणक्यापाशी बाहेर पडणाऱ्या नसेचे काम दिसते आणि तिसरीत तिच्या खालच्या नसेचे.

दोष कमरेतच आहे, असे मात्र गृहीत धरू नये. पाऊल उचलणारी नस गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, हाडाच्या टोकाला वळसा घालून, कातडीच्या अगदी जवळून जाते, आणि खुरपणी-भांगलणीला तासन् तास उकिडवे बसल्याने ती तेथेही दबते. नडगीच्या बाहेरच्या बाजूला किंवा पावलावर बधिर, फिकट चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करावी लागते. त्याचे औषध सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळते. मधुमेह असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे. गरज वाटल्यास ते एमआरआय किंवा नसांची विद्युत तपासणी सुचवतील. एमआरआयच्या अहवालात गादी सरकल्याचे आले, तरी त्याची आपल्या पायातील कमजोरीशी सांगड बसते का, हे त्यांना आवर्जून विचारावे, कारण न दुखणाऱ्या माणसांच्याही एमआरआयमध्ये गाद्यांची झीज सर्रास दिसते.

लघवी अडकली किंवा नकळत होऊ लागली, शौचाचे भान राहिले नाही, बैठकीची जागा बधिर झाली किंवा दोन्ही पायांतला जोर जाऊ लागला, तर दोन-तीन दिवसही थांबू नये. त्याच रात्री शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे. तपासणी होईपर्यंत चपलेऐवजी मागे पट्टा असलेली सँडल घालावी, बांधावरून आणि ओल्या सरीतून चालताना काठी घ्यावी, आणि चवडा वेळेवर उचलत नसल्यामुळे ब्रेकवर भरवसा राहत नाही, म्हणून मोटारसायकल व ट्रॅक्टर दुसऱ्या कोणाला चालवायला सांगावा.